चाकाला पाय लागणारी सायकल

“वळ गं दीपे, भिंत आली!” तिचा भाऊ शिवराज ओरडला.

दीपमालानं हँडल वळवलं. चप्पल पुढच्या चाकाला घासली आणि ती सायकलसकट कडुनिंबाच्या वाळक्या पानांत बसली!

ओट्यावर सोमनाथकाकांनी पेपरमागूनच निकाल दिला, “कुठंतरी धडकून फ्रेम आत दबलीय. चारशेला असलंच मिळणार! संध्याकाळी भंगारवाल्याला देऊन टाकू.”

दीपमाला पानं झटकत उठली. गच्चीवर दुर्बीण असलेल्या शाळेत तिला प्रवेश मिळाला होता. पण शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला. सायकल नाही, तर ती शाळाही नाही. काकांनी पैठणहून सायकल आणल्यापासून आठ दिवस तिघं पोरं रॉकेलनं गंज घासत होते, ते काय भंगारासाठी?

“आपण तपासू,” शेजारचा हिमांशू म्हणाला. त्यानं सायकल उलटी केली आणि हँडलखालच्या नळ्यांवरून बोट फिरवलं. “धडक बसली असती तर इथं सुरकुती पडली असती, रंग तडकला असता. काहीच नाही!”

“मग पाय का लागतो?”

“तुझे पाय लई मोठे!” शिवराज म्हणाला.

दीपमालानं पुढचं चाक नुसतंच फिरवलं. आऱ्यांच्या सावल्या भिंतीवर फिरू लागल्या. दुपार एकदम शांत झाली. तिला वाटलं, आकाशातल्या चांदण्याही अशाच फिरत असतील, आवाज न करता. चाक मंदावलं, थांबलं. ती मात्र बघतच राहिली. चाक धरणारा चिमटा टोकाशी मागं वाकला होता. बाजूला हिमांशूची सायकल उभी होती. तिचा चिमटा पुढं वाकलेला!

“हिमांशू, तुझा पुढचा ब्रेक चिमट्याच्या पुढं आहे. आमचा मागं!”

“म्हणूनच ब्रेकची केबल पुरत नव्हती!” शिवराज उडालाच. “चिमटा उलटा आहे!”

पेपर हळूच खाली आला.

“काका, सायकल आणली कशी?” दीपमालानं विचारलं.

“मोसंबीच्या टेम्पोत. क्रेटमध्ये बसेना, म्हणून मीच हँडल सैल करून आडवं...” काका थांबले. “घरी येऊन हँडल सरळ आवळलं. खाली चिमटा उलटा फिरलाय, हे बघितलंच नाय!”

पाना मिळेपर्यंत संध्याकाळ झाली. बोल्ट सैल झाला, चिमटा गर्रकन फिरला, केबल बरोबर पुरली. दीपमालानं अंगणात आठाचा आकडा काढला. पाय लागला नाही!

“शाब्बास पोरांनो! मी न बघताच बोललो,” काका म्हणाले.

इतक्यात दारात हातगाडी थांबली. “भंगार हाय का, साहेब?”

काकांनी पेपरची घडी केली. “हा घ्या. ह्याच्यामुळंच काही दिसत नव्हतं!”

दीपमाला तोवर मुकुंदवाडीच्या रस्त्याला लागली होती. मागच्या चाकाची टिकटिक, समोर मावळतीचा उजेड. वर एक चांदणी उगवली होती. दुर्बिणीतून ती केवढी दिसेल, हे आता जूनमध्येच कळणार होतं.