सहाव्या-सातव्याच्या मधली रांग

तीन सेन्सर स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कॉफीच्या कपांशेजारी पडले होते. ओस्निएल त्यांच्याकडे आळीपाळीनं बघत होता आणि चाकाच्या खुर्चीत बसलेली त्याची बायको इदाल्मिस त्याच्याकडे बघत होती.

"मला निवडताना एवढा वेळ लावला नव्हतास," ती म्हणाली.

"तुला निवडताना चूक झाली असती तर मी एकटाच अडकलो असतो."

हवानाच्या वेदादो वस्तीतल्या त्या इमारतीची लिफ्ट ओस्निएलच सांभाळायचा आणि राहायचाही तिथेच, अकराव्या मजल्यावर. लिफ्टला मजल्याशी सपाट थांबवणारा सेन्सर जळाल्यापासून ती प्रत्येक मजल्यावर गुडघाभर वर नाहीतर खाली थांबत होती. धडधाकट माणसं उडी मारून बाहेर पडत. इदाल्मिसच्या पायांतलं बळ मात्र कधीच गेलं होतं, आणि आता मूत्रपिंडंही गेली होती. तिला एक दिवसाआड डायलिसिस लागायचं. शेजारची पोरं होती तोवर ती तिला खुर्चीसकट जिन्यानं उतरवत. मग एकेक करत सगळी मायामीला गेली. इमारतीत उरली म्हातारी माणसं. मागची खेप चुकली होती. आणखी एक चुकली तर इदाल्मिस हाती लागणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं. ओस्निएल भ्यायला होता आणि ते लपवायचं त्राणही त्याच्यात उरलं नव्हतं.

नवा सेन्सर हवानात मिळणं शक्य नव्हतं. त्याच्या धंद्यात एक रीत होती. एखादी इमारत रिकामी झाली की मेकॅनिकांनी आधी तिच्या लिफ्टचे भाग काढून आणायचे, म्हणजे दुसरीकडची लिफ्ट जगते. हे तिन्ही तसेच आलेले.

पहिला उजेडावर चालणारा. त्याला शाफ्टमध्ये, लिफ्टच्या उभ्या बोगद्यात, पत्र्याच्या पट्ट्या लागतात, इथे होती चुंबकं. दुसरा चुंबकाचाच, पण उलट्या चालीचा. चुंबक समोर आलं की याचा संपर्क तुटायचा, आणि त्यांच्या लिफ्टला तो जुळायला हवा होता. तिसरा अगदी बरोबर होता. तीच चाल, तेच अंतर, भोकंसुद्धा जुन्या स्क्रूंना बसणारी. तो सेंट्रो भागातल्या एका इमारतीतून आला होता, जिचा जिना सातव्या मजल्यापासून खाली कोसळला होता. सगळी माणसं सापडली, असं रेडिओवर सांगितलं होतं.

ओस्निएलनं तिसरा बसवला. लिफ्ट अकराव्यावर आली आणि उंबऱ्याशी इतकी सपाट थांबली की त्याला रडू फुटलं.

खाली जाताना ती सहाव्या-सातव्याच्या मधे थांबली. दार उघडलं. समोर शाफ्टची विटांची भिंत. क्षणभर थांबून दार मिटलं आणि लिफ्ट पुढे गेली. ओस्निएल टपावर चढून टॉर्च घेऊन त्या जागी गेला. तिथे चुंबक नव्हतं, लोखंडाचा तुकडासुद्धा नव्हता. भिंतीला हात लावला तर ती ऊबदार होती, आणि विटांमधून लसूण परतल्याचा वास येत होता.

"सहाव्यावरच्या बाईचा स्वयंपाक असेल," घरी येऊन सांगितल्यावर इदाल्मिस म्हणाली.

सहावा मजला वर्षभर बंद होता. त्यानं ते तिला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं तिला खुर्चीत घालून लिफ्टमध्ये नेलं. त्या जागी दार उघडलं, आणि भिंतीपलीकडून एका बाईनं साध्या, कंटाळलेल्या आवाजात विचारलं, "शेवटचं कोण?"

पावाच्या दुकानात, औषधाला, कुठेही आलेला माणूस आधी हेच विचारतो. रांगेतल्या शेवटच्यानं 'मी' म्हणायचं, म्हणजे विचारणारा त्याच्या मागे.

"मी," इदाल्मिस म्हणाली.

दार मिटलं.

"का बोललीस?" ओस्निएल म्हणाला.

"अरे, कुणी विचारलं तर सांगायचं नाही? जन्म गेला रांगेत."

डायलिसिस झालं. ती हसत परत आली. तळमजल्यावर इमारतीतल्याच नेरेइदामावशी भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या.

"लिफ्ट झकास केलीस रे," त्या म्हणाल्या. "फक्त मधे ते कोण विचारतं? मीही 'मी' म्हटलं बाई. सगळ्यात आधी दहाव्यावरच्या फिलिबेर्तोनं म्हटलं होतं म्हणे, काल. आणि आज गेला बिचारा. दुखणं ना खुपणं, खुर्चीत बसल्या बसल्या."

"त्यांच्यानंतर कोण बोललं?"

"तुझीच बायको की. आतूनच सांगितलं तसं. तिच्यामागे मी."

इदाल्मिसला घरी सोडून ओस्निएल स्क्रूड्रायव्हर घेऊन परत लिफ्टमध्ये आला. सेन्सर काढला तर परवाची खेप चुकणार, आणि ती चुकली की काय होणार ते त्याला माहीत होतं. ठेवला तर रांग पुढे सरकणार. दोन्हीकडून बायको जात होती. हातातला स्क्रूड्रायव्हर त्यानं खिशात घातला आणि खालचं बटण दाबलं.

त्या जागी दार उघडलं. भिंतीमागे पुष्कळ माणसं पाय बदलत उभी असल्याचा आवाज होता.

"इदाल्मिसची जागा मला द्या," तो म्हणाला. "तिच्याऐवजी मी उभा राहतो. मी पाया पडतो तुमच्या."

पायांचा आवाज थांबला.

"ज्याची जागा त्यानं द्यायची," ती बाई म्हणाली. "तिलाच विचारा."

त्यानं भिंतीला कपाळ टेकलं.

"इदाल्मिस?"

"नाही देणार," विटांमागून इदाल्मिस म्हणाली. "वर जा, कॉफी निवतेय."

लिफ्ट आपोआप वर निघाली. अकराव्यावर उंबऱ्याशी सपाट थांबली.

स्वयंपाकघरात ती खुर्चीतच होती. कप भरून ठेवला होता. ती वाकून आपल्या पोटऱ्या चोळत होती.

"कुठे होतास?" ती म्हणाली. "उभं राहून राहून पाय भरून आले माझे."