त्या शनिवारी मी बँकॉकला होते

भुताच्या गोष्टी रचायला डोकं लागतं आणि सवड लागते. माझ्याकडे सहा वर्षं दोन्ही नव्हतं. त्यामुळे खाली लिहिलंय ते रचलेलं नाही, एवढं धरून चाला. बाकी विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा. वाद घालायचं त्राण माझ्यात नाही.

तारीख सांगते. सोळा नोव्हेंबर २०२४, शनिवार. दुपारचे चार. जागा बँकॉक, नदीजवळचं एक छोटं हॉटेल, चौथा मजला.

रात्र नव्हती. अंधारही नव्हता. पडद्याच्या फटीतून चांगलं ऊन येत होतं.

पण आधी घरचं सांगायला हवं.

मी सुचिता. आम्ही नेरुळला, सारसोळे गावात राहतो. सासरचे मूळचे इथलेच. वर दोन मजले भाडेकरू, खाली आम्ही. माझे मिस्टर धर्मराज, मुलगी रंजिता आणि सासूबाई, पुतळाबाई.

सहा वर्षांपूर्वी सासूबाईंच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. मी तेव्हा बेलापूरला एका वकिलांकडे टायपिंग करायचे. आठ दिवसांची रजा टाकली ती टाकलीच. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, चादर बदलणं... दिवसातून किती वेळा, ते मोजायचं मी पहिल्याच महिन्यात सोडून दिलं.

त्यांचा आवाज बारीक झाला होता. हाक मारली तरी बाहेर ऐकू यायची नाही. म्हणून मीच त्यांच्या उजव्या हाताशी एक स्टीलची वाटी आणि चमचा ठेवला. काही लागलं की वाजवायचं.

टण्... टण्... टण्...

मी दिसेपर्यंत वाजवायच्या. कढईत फोडणी असो, मी न्हाणीघरात असो. म्हणून मला सवय लागली. पहिल्या ठोक्यालाच ओरडायचं, “आले आई, आले!” आणि पळायचं.

गंमत बघा. लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा याच बाईने मला दम दिला होता. “पयल्या हाकंला कवा ओ देयाची नाय, सुचे. खाडीवरशी कोन बी हाक मारतं. तीन हाका ऐकाच्या, मंगच तोंड उघडाचं.” आणि शेवटी मला पहिल्या ठोक्याला पळायला लावलं तेही त्यांनीच.

मला पन्नास पूर्ण झाली तेव्हा रंजिताने माझा पासपोर्ट काढला. आणि बँकॉकचं तिकीट. शुक्रवारी रात्री जायचं, सोमवारी सकाळी परत.

मी म्हटलं, “एकटी? वेडी आहेस का?”

“आजीला उचलायला दोघं लागतात,” ती म्हणाली. “म्हणजे मी आणि पप्पा इथे. मग उरलं कोण? जा ना यार आई. मस्त फिरून ये.”

मला फिरायचं नव्हतं. खरं सांगते, देवळं-बाजार काही डोक्यात नव्हतं. मला झोपायचं होतं. कोणी वाजवणार नाही अशा ठिकाणी, सलग, पोटभर झोपायचं होतं. तेवढ्यासाठी मी हो म्हणाले.

निघताना सासूबाईंच्या पाया पडले.

“बँकोक कंय हाय?” त्यांनी विचारलं.

“लांब आहे आई. विमानाने जायचं.”

“मंग मी वाजवली तर?”

“हे आहेत ना. रंजिता आहे.”

“त्यांना नाय जमत,” त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे बघत राहिल्या.

मला राग आला. नंतर विमानात बसल्यावर वाईट वाटलं. पण परत फिरावंसं मात्र वाटलं नाही.

शनिवारी सकाळी पोचले. खोली दुपारी दोनला मिळणार होती. तोवर नदीकाठी बसून राहिले. कोपऱ्यावर एक बाई सुकी मासळी विकत होती, वास थेट आपल्या बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या जेटीवरचा. परदेश-परदेश म्हणतात तो हाच का, असं वाटून हसू आलं. तिथल्या गर्दीत कोणाला माझ्याकडून काही नको होतं. किती बरं वाटत होतं, कसं सांगू!

दोनला खोलीत गेले. अंघोळ केली. फोन सायलेंटवर टाकला. रंजिता ओरडली असती, पण टाकला.

पांढरी चादर. मऊ उशी. आडवी झाले आणि गेलेच...

...आणि कधीतरी कानात आवाज आला.

टण्.

एकच. स्टीलवर स्टील.

मी झोपेतच ओरडले, “आले आई, आले!”

पाय खाली टाकले, चपला शोधल्या, दोन पावलं चालले... आणि समोर भलताच दरवाजा.

मग आठवलं. मी कुठे आहे ते आठवलं.

आवाज मनातला नव्हता. आपल्या घरच्या वाटीचा आवाज आपल्याला कळतो. डाव्या हाताला, खाटेच्या उंचीवरून आला होता तो. तिथे फक्त हॉटेलची भिंत होती.

मी दुसऱ्या ठोक्याची वाट बघितली.

दुसरा आलाच नाही...

हेच विचित्र होतं. सासूबाई माझं तोंड दिसेपर्यंत थांबायच्या नाहीत. सहा वर्षांत एकदाही नाही. त्या थांबल्या म्हणजे मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिलेली असायची.

घड्याळ बघितलं. चार. म्हणजे आपल्याकडे अडीच. त्यांची कूस बदलायची वेळ.

स्वप्न पडलं असेल, असं म्हणून परत आडवी झाले. काय करणार? डोळे उघडे राहीनात.

जाग आली ती रविवारी सकाळी आठला. सोळा तास झोपले होते. उठायला गेले तर कंबर धरलेली. खांदे दुखत होते. पाच बादल्या धुणं पिळल्यासारखे हात भरून आलेले.

मग बाह्यांकडे लक्ष गेलं. माझ्या कुर्त्याच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या.

तळव्यांना खोबरेल तेलाचा वास. मी तेल नेलंच नव्हतं.

आणि मनगटावर... वाळलेलं भाताचं शीत.

मग घरी व्हिडिओ कॉल लावला.

हे खुशीत होते. “आई एकदम मस्त. उगा टेन्शन घेऊ नको. काल दुपारी एकदाच वाजवली, मी उठून जाईपर्यंत गप पन झाली. रात्री जेवाला बी मागितलं नाय. पोट भरलाय म्हनाली.”

मागून रंजिता आली. “आई, तू आजीची वेणी घालून गेलीस का?”

“नाही. केस मोकळेच होते. उवांचं औषध लावून गेले होते.”

“मग घातली कोणी? काल संध्याकाळी बघते तर तेल लावून घट्ट वेणी. मला वाटलं पप्पांनी...”

“मना येते काय वेनी घालाला?” हे हसले.

मी म्हटलं, “फोन आईंना दाखव.”

रंजिताने फोन त्यांच्या समोर धरला. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मग मान वळवली आणि खाटेशेजारच्या खुर्चीकडे बघितलं. मी बसते ती लाल प्लास्टिकची खुर्ची. स्क्रीनवर ती मला दिसत होती. रिकामी होती.

“सुचिता हितं बसलीय,” त्या म्हणाल्या. “ही फोनवर कोन हाय?”

रंजिता म्हणाली, आजीला भ्रम होतोय. मी हो म्हणाले. फोन ठेवला.

त्या दिवशी मी खोलीत थांबलेच नाही. नदीकाठच्या बाकावर बसून राहिले. डोळा लागला की दचकून उठायचे, आणि प्रत्येक वेळी बोटं ओली. झोपायला एवढ्या लांब आलेली बाई, झोपेला घाबरून काळी कॉफी पीत बसली होती. समोरून होड्या जात होत्या. लोक माझ्याकडे बघून हात हलवत होते. मला रडू येत होतं.

सोमवारी घरी आले. सरळ मागच्या खोलीत गेले. चादर नवी, अंग पुसलेलं, पाठीच्या जखमेवर पावडर. खोली मी ठेवते तशी. थोडी जास्तच नीट.

सासूबाई म्हणाल्या, “आयलीस? मंग ती कोन?”

त्यानंतर त्यांनी वाटी वाजवली नाही. एकदाही नाही.

मी पाणी घेऊन जायचे तर त्यांचे ओठ ओलेच. कूस बदलायला जायचे तर कूस बदललेली. रंजिताला वाटायचं मी केलं. मला आधी वाटायचं रंजिताने केलं. मग आम्ही दोघींनी एकमेकींना विचारायचंच सोडून दिलं.

तुम्ही म्हणाल, सुटलीस ना बाई. कसली सुटते! दिवसभर काडीचं काम नाही आणि संध्याकाळी हात उचलत नाही. दुपारी डोळा लागायचा आणि उठले की बाह्या ओल्या.

एकदा धीर करून विचारलं. “आई, तुमच्याकडे कोण येतं?”

“तूच येतंस,” त्या म्हणाल्या. “पन ती बोलत नाय. तू लय बडबडतंस.”

थट्टा करत होत्या. सहा वर्षांत पहिल्यांदा. मी हसले. मग त्यांनी माझं मनगट धरलं. उजव्या हाताची पकड अजून चांगली होती.

“सुचे, तू पयल्या हाकंला ओ दिलीस काय गो, तिकडं?”

“नाही आई.”

मी खोटं बोलले. का, ते माहीत नाही. त्यांचा चेहरा बघून खरं बोलवेना.

“मंग बरा,” त्या म्हणाल्या आणि डोळे मिटले.

फेब्रुवारीत सासूबाई गेल्या. झोपेत, शांत. दहावं झालं, तेरावं झालं. भाड्याची खाट परत गेली. खोली धुऊन काढली. आता फक्त चार भिंती आणि पंखा. मी ठरवलं, आता महिनाभर नुसतं लोळायचं.

पण थकवा जाईना. बाह्या अजून ओल्या व्हायच्या. मी कोणाला सांगितलं नाही.

एप्रिलमध्ये एक दिवस रंजिता घरून काम करत होती. दुपारी अडीचला ती मागच्या बाजूने धावत आली, मला स्वयंपाकघरात बघितलं आणि जागच्या जागी थांबली.

“आई... तू इथे आहेस?”

“मग कुठे असणार?”

तिने नुसतं मागे बोट दाखवलं.

मी खोलीच्या दाराशी गेले. दार लोटलेलं होतं.

आत कोणीतरी फडकं पिळत होतं. पाणी बादलीत पडत होतं. मग चादर झटकल्याचा आवाज. मग वजन उचलताना माणूस कण्हतं तसं कण्हणं... आणि मग आवाज.

“हात वर करा आई. थोडासाच. झालं, झालं.”

माझा आवाज. ती बोलत नाही, असं सासूबाई म्हणाल्या होत्या; आता बोलत होती. इतका दमलेला की मला स्वतःलाच ओळखायला वेळ लागला.

रंजिताने माझा दंड घट्ट धरला होता. मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगू? मला तिची कीव आली. मी उठून तेराव्याचा स्वयंपाक केला, खोली धुतली, सगळ्यांना सांगितलं सासूबाई गेल्या म्हणून. तिला कोणीच सांगितलं नव्हतं. ती रिकाम्या फरशीवर बसून रोज कूस बदलत होती.

मी दार उघडलं नाही. बाहेरूनच म्हटलं, “बस झालं गं बाई. आई गेल्या. आता काही करायचं राहिलं नाही.”

आत सगळं थांबलं.



मी परत म्हटलं, “झोप तू आता.”

सहा वर्षांत हे मला कोणी म्हटलं नव्हतं. नवऱ्याने नाही, पोरीने नाही.

आतून एक लांब श्वास ऐकू आला. मग कोणीतरी फरशीवर अंग टाकल्याचा आवाज. बांगड्या एकदा वाजल्या. मग सगळं शांत.

आम्ही दार ओढून घेतलं.

त्या दिवसापासून माझ्या बाह्या कोरड्या आहेत. हात दुखत नाहीत. खोलीतून आवाज नाही. फक्त दुपारी दाराला कान लावला तर श्वास ऐकू येतो, गाढ झोपलेल्या माणसाचा, संथ. रंजितालाही येतो. हे म्हणतात पंखा असेल. पंख्याचं बटण बंद आहे.

आणि त्या दिवसापासून मला झोप नाही.

थोडीसुद्धा नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मग दुसऱ्या दिल्या. म्हणतात, लागत असेल हो थोडी, तुम्हाला कळत नसेल. आज एक्केचाळिसावा दिवस आहे. रात्रभर छताकडे बघते. सकाळी उठून चहा ठेवते. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं.

ह्यांना ती खोली भाड्याने द्यायची आहे. मी नाही म्हणते, कारण विचारलं की विषय बदलते.

काय करायचं ते मला माहीत आहे. दार उघडायचं आणि तिला उठवायचं. रोज दुपारी मी जाते, कडीवर हात ठेवते, आतला श्वास ऐकते. आणि हात मागे घेते.

किती वर्षांनी झोपली आहे ती. माझ्याच्याने तिला उठववत नाही.