प्रतिभाबाईंचं ताट

भूल देणाऱ्या डॉक्टरला कोण ओळखतं हो? चिरणारा लक्षात राहतो, टाके काढणारी नर्ससुद्धा लक्षात राहते. पण उशाशी बसून, हनुवटी धरून श्वास सांभाळणारी बाई? तिचं तोंड पेशंटला उलटं दिसतं, तेही डोळे मिटता मिटता. प्रतिभाबाईंचं असंच होतं. ही गोष्ट चौऱ्याऐंशीच्या आसपासची. पांढुर्ण्याला भाड्याच्या खोलीत त्या एकट्या राहायच्या आणि ऑपरेशन असलं की बसने सौंसरला डॉक्टर मोरेश्वरांच्या दवाखान्यात जायच्या. बाजारात त्यांनीच झोपवून उठवलेली माणसं शेजारी उभी राहून संत्री निवडत, पण एकाचाही नमस्कार नसे. घरी येऊन कुलूप उघडायचं, सकाळची भाकर खायची आणि पडायचं. काळं कुत्रंही विचारायला नव्हतं.

कामात मात्र बाई चोख. दवाखान्यात झोपेची औषधं दोनच. थायोपेंटोन शिरेत गेलं, की माणूस बोलणं पुरं व्हायच्या आत झोपणार, गाढ आणि निमूट. पण रक्त गेलेल्या माणसाचा दाब ते धाडकन उतरवतं, कधी श्वासच थांबवतं, आणि दमेकऱ्याच्या छातीशी तर त्याचं उभं वैर. केटामाइन पडत्या काळाचा सोबती. त्यात श्वास चालू राहतो, दाब पडत नाही, वीज गेली तरी निभावतं. मात्र दाब आधीच चढलेला असेल तर ते आणखी चढवतं. आणि स्वप्नं दाखवतं. माणसं उघड्या डोळ्यांनी बडबडत राहतात. ती बडबड दबावी म्हणून सोबत थोडं डायझेपाम द्यायचं, हा बाईंचा शिरस्ता.

एकदा डायझेपाम संपलं. नेमका त्याच दिवशी कापसाच्या जिनिंगमध्ये बोटं चिरडलेला देवीदास आला. नुसतं केटामाइन दिलं. छताकडे बघत तो म्हणाला, "चूल पेटवून राहिले. डाक्टरीनबाई येनार हाये म्हनते."

नर्स यमुना फिसकन हसली. "घ्या बाई, जेवाचं बोलावनं आलं तुमाले."

प्रतिभाबाईही हसल्या. केटामाइनची बडबड ती, तिचं काय मनावर घ्यायचं!

पुढच्या आठवड्यात रामाकोना गावची सुशीला आली, पाय भाजलेला. देवीदासला तिने कधी पाहिलंही नव्हतं. औषध चढलं आणि ती बोलू लागली, "वांगे भाजून झाले. गोळाभात झाला. पाट मांडला. डाक्टरीनबाई कुठवर आली, पाहा बरं कोनी."

यमुना या वेळी हसली नाही.

मग बोरगावचा तुळशीराम, पाठीवरचं गळू कापायला. "ताट वाढून झाकून ठेवलं," तो म्हणाला, "सारे दारात उभे हायेत. तिले सांगा, निवून जाईन."

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये बाईंना रडू फुटलं. घाबरून नव्हे. आपल्यासाठी कुणी दारात उभं राहिल्याला किती वर्षं झाली होती!

डायझेपामचा खोका आला तेव्हा बाईंनी तो कपाटात मागे सारला. हे वाईट होतं, आणि ते वाईट आहे हे त्यांच्याइतकं सौंसरमध्ये कुणाला कळणार होतं? पेशंट घाबरून उठत, ओरडत, त्यांना धरून ठेवावं लागे. बाई मात्र कान देऊन बसत. ज्याला थायोपेंटोन चालेल त्यालाही काहीतरी कारण काढून केटामाइन देत.

मग रघुनाथराव मास्तर आले, खांदा निखळलेला. बाईंनी दाब मोजला. भलताच चढलेला. थायोपेंटोनच द्यायला हवं होतं, शिकाऊ पोरानेही तेच सांगितलं असतं. बाईंनी दोन्ही सिरिंजा भरल्या. मोरेश्वर बाहेर हात धूत होते. बाईंनी केटामाइनची उचलली. एकदाच, मन म्हणालं, नुसतं विचारायचं, ताट अजून आहे का.

"बाई, मले काही होनार तं नाई नं?" मास्तरांनी विचारलं.

बाई भानावर आल्या. म्हाताऱ्याच्या डोक्यातली शीर फुटली असती. त्यांनी ती सिरिंज ठेवली आणि दुसरी घेतली. मास्तर निमूट झोपले, खांदा बसला, उठून चहा मागू लागले. बाई खोलीवर येऊन उशीत तोंड खुपसून रडल्या.

हिवाळ्यात सौंसरच्या स्टँडवर बसमधून उतरताना बाईंचा पाय घसरला. उजवं मनगट मोडलं.

"हाड बसवावं लागेल," मोरेश्वर म्हणाले. "थायोपेंटोन देतो, पाच मिनिटांचं काम."

"मला दमा आहे, सर."

ते खरंच होतं. जिनिंगचा कापूस हवेत उडू लागला की दर वर्षी त्यांची छाती वाजायची.

"मग केटामाइन. डायझेपामसोबत."

"डायझेपाम नको," बाई लगेच म्हणाल्या. केटामाइनपुरतं तरी पहिल्यांदाच शास्त्र आणि मन एका बाजूला आलं होतं. सिरिंज त्यांनी स्वतःच भरली, डाव्या हाताने.

जाग आली तेव्हा हाताला प्लास्टर होतं.

"काय बोलले गं मी?"

"एक शब्द नाई, बाई," यमुना म्हणाली. "निसत्या हसून राहिल्या होत्या."

बाईंना काहीच आठवेना. दार नाही, पाट नाही, माणसं नाहीत. नशीबच फुटकं, दुसरं काय!

पण त्यानंतर एकटेपणा गेला. रिकामी खोली खायला उठेना. भूकही लागेना, वेळ झाली म्हणून दोन घास गिळायचे. छाती वाजायची थांबली. बसमध्ये कंडक्टर त्यांना ओलांडून पुढे जाई. घरमालकीण वंदनाताई जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "गावाले गेल्या होत्या काय? दिसल्याच नाई."

बाई रोज तोच जिना चढत होत्या.

प्लास्टर निघालं. पहिलीच पेशंट पुष्पा, मांडीवरचं गळू. दम्याची होती, म्हणून केटामाइन. बाईंनी मागे सारलेला खोका काढला आणि डायझेपामही दिलं, पुरेपूर. आता त्यांना काही ऐकायचं नव्हतं.

तरी पुष्पा बोलली.

"केवढी पंगत बसली."

बाईंनी हनुवटी धरली.

"डाक्टरीनबाई वाढून राहिली. हाताले प्लास्टर हाये, तरी वाढून राहिली."

यमुनाचा हात थांबला. तिने बाईंच्या मनगटाकडे पाहिलं.

"यमुना, गॉज दे," मोरेश्वर म्हणाले.

"किती हसते ते. घरी जा म्हटलं तं जात नाई. हेच माहं घर, म्हनते."

बाहेर छिंदवाड्याची बस हॉर्न देत होती.

पुष्पाच्या कपाळाला आठी पडली. तिचे उघडे डोळे हळूहळू वर सरकले, आणि बाईंच्या चेहऱ्यावर येऊन थांबले.

"मंग," तिने विचारलं, "माह्या उशाशी कोन बसून हाये?"