उपाशी कोळी

मे महिन्यात सोलापुरात कुणाला कशाचं फारसं नवल वाटत नाही. तेवढी ताकदच उरत नाही.

कुंभारीजवळच्या आमच्या प्रयोगशाळेत एकच खोली गार असते, तीही किड्यांसाठी. भाजीपाल्यावरच्या लाल कोळ्यांना खाणारे परभक्षी कोळी आम्ही तिथे घेवड्याच्या पानांवर वाढवतो. टाचणीच्या टोकाएवढा जीव, पण नखरे जावयाचे. पंचविशीत सुखी, पस्तिशीच्या वर पारा गेला की अंडी सुकतात, आणि भक्ष्य संपलं की एकमेकांना खातात. शेतात सोडण्याआधी त्यांना मुद्दाम उपाशी ठेवायचं, म्हणजे किडीवर तुटून पडतात, ही आमची रीत.

यंदा उपाशी ठेवले आणि ऊन असं चढलं की सोडणंच लांबलं. बाहेर वाढवलेला घेवडा करपला, त्याच्यावरचं भक्ष्यही गेलं. मग लाईट गेली, एसी बंद पडला. मी त्यांच्या नावानं आंघोळ करून मोकळी झाले होते.

पण भिंगाखाली ते धावत होते. चांगले तुकतुकीत. एकानंही दुसऱ्याला खाल्लेलं नव्हतं. आणि खोली गारच होती. मी थर्मामीटर बदलून पाहिला. तोही तेच सांगत होता.

केसरबाई आमच्याकडे झाडांना पाणी घालतात. आई गेल्यापासून माझा डबा चुकला की त्यांची अर्धी भाकरी माझी. दुपारी जेवून त्या याच खोलीत, ट्रेच्या मांडणीखाली लवंडायच्या. नियमात बसत नव्हतं, पण बाहेर पत्रा तापलेला असताना त्यांना कोण उठवणार? हल्ली झोपून उठल्या की त्या जास्तच दमलेल्या दिसत. मी म्हटलं, ऊन बाधलं असेल.

"हे खातात तरी काय, केसरबाई?"

"मिळत आसंल की कायतरी," त्या जांभई देत म्हणाल्या.

मग त्या चादर घेऊन यायला लागल्या. बाहेर अंगणातही पांघरून बसायच्या.

"ताप आहे का?" म्हणून मी त्यांचा हात धरला आणि लगेच सोडला. माठाच्या बुडासारखा गार होता.

"ताप कुटला, म्याडम. यंदा ऊन कवा पडायचं?"

मी त्यांना घरी पाठवलं. भीती वाटली, खरंच. किडे गेले तर गेले, ही बाई राहिली पाहिजे. मी दारं-खिडक्या सताड उघडल्या, उन्हानं मरू देत सगळे. खोली बघता बघता तापली. पानं भिंगाखाली धरली.

एकही कोळी नव्हता. मेलेलासुद्धा नाही.

तशीच भर दुपारी त्यांच्या घरी चालत गेले.

केसरबाई ओट्यावर उन्हात बसल्या होत्या, चादर गुंडाळून. गल्लीतली पोरं खेळ टाकून त्यांना टेकली होती, पेंगत. मांडीवर तान्ही नात.

"आत्यांपाशी लई गार लागतंय," त्यांची सून दिपाली कौतुकानं म्हणाली. "ही तर कालपास्नं रडलीच न्हाई बगा."

बाळाला उचलून घ्यायचं, एवढंच करायचं होतं. मला ते कळत होतं.

पण मी उन्हातून आले होते. डोकं ठणकत होतं. केसरबाई जरा सरकल्या, चादरीचं टोक त्यांनी वर धरलं. आत टाचणीच्या टोकाएवढे ठिपके धावत होते, चांगले तुकतुकीत.

मी त्यांच्या शेजारी टेकले.