बैलांनी ओढलेली मोटार

जेवणं उरकली. म्हादूबाबांनी कंदील बारीक केला आणि ओट्यावर पोरांच्या मधे बसले.

"गुणा माझ्या बहिणीचा दीर," ते म्हणाले. "त्यानंच मला सांगितलं. भ्या वाटलं तर आत्ताच घरात जा."

कोणीच उठलं नाही.

एकोणीसशे बासष्ट साल, चैत्रातली अमावस्या. वैशाखरे गावच्या शेटची भाड्याची जुनी मोटार मुरबाडच्या भंगारवाल्याकडे पोचवायची होती. इंजिन आधीच काढून विकलं होतं, गाद्याही गेल्या होत्या. म्हणून पुढे गावातल्या गोमाचे बैल जुंपले. उन्हात बैलांना झेपलं नसतं, तेव्हा दिवस मावळल्यावर निघाले. गोमा कंदील घेऊन बैलांबरोबर चालत होता. गुणा आत खोक्यावर बसून स्टिअरिंगचं चाक सांभाळत होता. सात वर्षं ही मोटार त्यानंच चालवली होती.

"काय डायवरसाहेब, हॉर्न तरी वाजवा," गोमा म्हणाला.

"बैल बुजतील रे."

"माझी बैलं तुझ्यापरीस धीट हायेत."

गुणा हसला नाही. टोकावडं जवळ येत होतं. दोन वर्षांपूर्वी बाळंतपणात अडलेल्या गावातल्या हौशीला तो याच मोटारीतून मुरबाडच्या दवाखान्यात नेत होता. सोबत तिची सासू होती. टोकावड्याला तो चहाला थांबला. जरासाच. हौशी मागून विचारत राहिली, "मुरबाड आलं का, दादा?" तो म्हणाला, "आलंच." मुरबाड आलं तेव्हा ती बोलत नव्हती. पोटातलं पोरही गेलं.

टोकावड्याची पहिली घरं दिसली. गोमानं बैल आवरले.

"बिडी ओढू. बैलंबी दमली."

मोटार थांबली. आणि मागून...

"मुरबाड आलं का, दादा?"

गुणाचे हात चाकाला चिकटले. मागे कोणी नव्हतं. नुसता पत्रा होता.

"गोमा, हाक."

"अरं, दोन झुरकं..."

"हाक रे. पाया पडतो."

गोमानं कंदील वर केला. गुणाचं तोंड बघितलं. मग त्याची नजर गुणाच्या खांद्यावरून मागे गेली... हातातली बिडी गळून पडली. त्यानं बैल हाकले.

सरळगावच्या अलीकडे चढावर बैल अडले. मोटार थांबली.

"आलं का, दादा?"

आता कानाशी. श्वास गार.

"नाय आलं, बाई," गुणा कसाबसा म्हणाला. "पण या खेपेला थांबत नाय."

तो खाली उतरला. एक हात चाकावर. खांदा दाराला. रेटत राहिला. आत बघितलं नाही. आतून कण्हणं येत होतं... मग तेही थांबलं.

उजाडताना मुरबाड आलं. गुणानं मोटार आधी दवाखान्याच्या दारात नेली. मान खाली घालून म्हणाला, "उतर, बाई."

ओट्यावर कंदिलाची वात फडफडली.

"मग?" बारकीनं हळूच विचारलं.

"मग काय... भंगारवाल्याकडे गेल्यावर त्यानं मागचं दार उघडलं. पत्र्यावर दुधाचे थेंब होते. गुणानं बोट लावून बघितलं."

"आणि?"

"कोमट होते."