रिकामा ताबा

मला फक्त एक सही आणायची होती. एवढ्याशा कामाला घाबरायचं काय, असं स्वतःला बजावत मी भर दुपारी ठमीला कडेवर घेऊन निघाले. घाबरायला मला कारण लागत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

घर विकत घेत होतो आम्ही. घर आमचं होणार, पण खालची जमीन दुसऱ्याची, नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. "त्यातली चौसष्ट वर्षं उरलीत," वकीलबाई म्हणाल्या, आणि मी तिथल्या तिथे मनात हिशेब मांडला, की तेव्हा ठमी सहासष्टची असेल. म्हणजे ऐन म्हातारपणी पोर उघड्यावर.

"तोवर तिची नातवंडं बघतील," नवरा म्हणाला. "तू आधी या महिन्याचं बघ."

खरंच होतं ते. आमच्या भाड्याच्या खोलीच्या भिंतींना ओल होती. झोपेत ठमीची छाती घरघरायची आणि मी उशाशी बसून तिचे श्वास ऐकायची. डॉक्टरांनी औषधं बदलून पाहिली, मग म्हणाले, आता घरच बदला. घर ठरलं. अडलं ते एका कागदावर. तिथे राहणाऱ्या प्रत्येक सज्ञान माणसाने लिहून द्यायचं, की विक्रीला माझी हरकत नाही, मी ताबा सोडते. जमीनमालकाच्या कचेरीतल्या यादीत दोन नावं होती. विकणाऱ्या मावशी, आणि त्यांची मुलगी, वय एकोणीस.

घर आम्ही दोनदा पाहिलं होतं. मुलगी दिसली नव्हती. कॉलेजात असेल, म्हटलं.

मावशींनी दार उघडलं, कागद हातात घेतला.

"बसा. ती आतच आहे. देते सही. जरा वेळ लागतो तिला."

त्या आतल्या लहान खोलीत गेल्या आणि दार ओढून घेतलं. मी खुर्चीच्या टोकावर बसले. घर स्वच्छ होतं, कोरडं होतं, उन्हाचा पट्टा लादीवर पडला होता. ताज्या तासलेल्या पेन्सिलीचा वास येत होता. आतून बारीक खरखर ऐकू यायची. थांबायची. पुन्हा सुरू व्हायची. एवढी लांब सही कुणाची असते?

ठमी माझ्या खांद्यावरून त्या दाराकडे झेपावली. "ताई!"

औषधाच्या दुकानातला मिशाळ माणूसही तिला ताईच वाटतो, म्हणून मी लक्ष दिलं नाही. म्हणजे, द्यायचं नाही असं ठरवलं.

मावशी बाहेर आल्या. कागदावर मोठाली, गोल, ओळ सोडून खाली घसरलेली अक्षरं होती. पेन्सिलीने गिरवल्यासारखी.

"पेनाने हवी होती सही…" भीतीने माणूस काय वाट्टेल ते बोलतो.

"पेन नाही देत मी तिला," मावशी शांतपणे म्हणाल्या. "फ्रॉकला डाग पाडते."

मी जिना कसा उतरले आठवत नाही. खाली जिन्याशेजारी एक शिंपी बसायचा. मला बघून त्याने मशीन थांबवली.

"काय हो वहिनी, घामाघूम झालात?"

"मावशींची मुलगी… आजारी असते का?"

"ती कुठून असणार? पाच वर्षांची होती, तापात गेली. शाळेचा फ्रॉक मीच शिवला होता. न्यायला कोणी आलंच नाही."

मी तिथूनच वकीलबाईंना फोन केला. त्यांचा आवाज नेहमीसारखाच कोरडा. "मग सोपं आहे. मृत्यूचा दाखला घ्या, यादीतलं नाव कमी करून घ्या. रिकामा ताबा मिळाल्याशिवाय व्यवहार होणार नाही."

सोपं आहे! मी पुन्हा वर चढले. ठमी खोकत होती. खोटं कशाला बोलू, तो खोकला नसता तर मी घरी परतले असते.

मावशींना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी कपाटातून घडी घातलेला दाखला आणि कचेरीची यंदाची यादी काढून माझ्यापुढे ठेवली.

"दरवर्षी कचेरीतून यादी यायची," त्या म्हणाल्या. "कोण राहतं, वय काय. नाव गाळायला हात होईना. मग एकेक वर्ष वाढवत राहिले. तिचं तेवढंच तर वाढवता येत होतं मला…"

"मावशी, नाव कमी करावं लागेल हो."

"करा. पण तुम्ही खोडा. माझ्या हाताने नाही व्हायचं."

आतल्या खोलीत खरखर चालूच होती. मी पेन उघडलं. वाटलं, मी कोण हे करणारी? मग ठमीची छाती माझ्या दंडाला लागून घरघरली, आणि मी यादीतल्या त्या नावावरून आडवी रेघ ओढली.

खरखर थांबली. पेन्सिल लादीवर पडून घरंगळत गेल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. पेन्सिलीचा वाससुद्धा नाही. मावशींनी कागदावर सही केली, आणि इतका वेळ ताठ असलेली ती बाई माझ्यादेखत वाकून म्हातारी झाली.

आम्ही राहायला आलो. मावशी भावाकडे गेल्या. लहान खोलीत ठमीचा पलंग लावला. पहिले कित्येक दिवस मी कान टवकारून असायचे, पण घर शांत होतं. नुसतं शांत नाही, पार रिकामं. ठमीची घरघर गेली. तिचे श्वास ऐकायला आता मला वाकावं लागतं.

चार महिन्यांनी मावशींचा फोन आला.

"ती माझ्याबरोबर आली नाही हो. मला वाटलं, मागून येईल. रोज दार उघडं ठेवते. तिथेच आहे ना ती?"

काय सांगणार? "नाही मावशी. इथे… कोणीच नाही."

"मग तुम्ही कुठे पाठवलंत तिला?"

मी फोन ठेवला.

काल सकाळी नवरा कामावर गेला आणि मी भांडी घासत होते. ठमीची चाहूल लागेना, म्हणून हात पुसत बाहेर आले. ती मुख्य दारापाशी पालथी पडून खालच्या फटीतून बिस्किट बाहेर सरकवत होती.

"कुणाला गं?"

"ताईला."

मी दार उघडलं. जिना रिकामा. बिस्किटही नव्हतं. एक चुरासुद्धा नाही. मी दार लावलं, कडी घातली, वरची घातली. तोंडातून मी एक शब्दही काढला नव्हता, हे मला पक्कं आठवतं.

ठमीने दाराला कान लावला. काहीतरी ऐकून घेतल्यासारखी गप्प राहिली. मग फटीशी ओठ नेऊन अगदी हळू म्हणाली, "नाही गं… आई नको म्हणते."