साहेबांचा पट्टा

वेळ दुपारी सव्वादोनची. ठिकाण आमच्या वर्तमानपत्राची जुनी डार्करूम. बाहेर लख्ख ऊन, आत लाल दिव्याखाली तिघं: मी, आमचा म्हातारा फोटोग्राफर आणि माझी वहिनी.

दादा गेल्यापासून वहिनीला सोबत एकच, तिचा काळा कुत्रा. नाव साहेब. त्याला अहोजाहो करायचं हा दादाचा हट्ट, तो घरात सगळ्यांना चिकटला. मागच्या आठवड्यात पालिकेच्या गाडीने साहेबांना दारातून उचललं. शेजाऱ्यांनी पाहिलं, पट्ट्यासकट. तरी तिथला अधिकारी मला तोंड वर करून सांगतो, "असा कुत्रा आणलाच नाही. आणि आणला असेल तर पट्टा नसेल." एका दमात दोनदा खोटं बोलणाऱ्या अशाच लोकांशी मी जन्मभर भांडत आलोय.

पट्टा होता. साहेब बाहेर निघाले की वहिनी बांधायची, घरी आले की काढायची. पुरावा म्हणून फोटो हवा होता, आणि दादाने काढलेली एकच निगेटिव्ह उरली होती.

"काळा कुत्रा, काळा पट्टा, मागे काळं दार," फोटोग्राफर कुरकुरला. "तुझा दादा काय कोळसा टिपत होता?"

कितीतरी दिवसांनी वहिनी हसली.

साध्या प्रिंटमध्ये नुसता काळोख आला. मग त्याने वेगळाच प्रयोग काढला. कागदावर चित्र उमटत असतानाच पांढरा दिवा क्षणभर लावायचा आणि विझवायचा. जमलं तर काळ्यातून कडा रुपेरी होऊन सुटतात.

दिवा लागला. विझला. डोळ्यांपुढे हिरवे डाग संथपणे तरंगत राहिले, लाल उजेडातलं बाकी काही दिसेना. रसायनाच्या आंबट वासात हळूहळू दुसरा वास मिसळला, ओल्या केसांचा. फरशीवर नखं टिकटिकली. मग ट्रेच्या बाजूने आवाज... लप्... लप्...

"पाणी ढवळतोयस का?" मी विचारलं.

"माझे हात खिशात आहेत..."

वहिनी अंधारात खाली वाकली. "आलात होय..." ती इतकंच म्हणाली, शाळेतून आलेल्या पोराला म्हणावं तसं. बकल निघाल्याचा बारीक आवाज झाला.

कागदावर साहेब उजळले होते. केस न् केस चांदण्यात भिजल्यासारखा. गळा मोकळा, पट्ट्याच्या जागी फक्त दबलेल्या केसांची रेघ. निगेटिव्ह दिव्यासमोर धरली. तिच्यात पट्टा होता, पुसट पण होता. फोटोग्राफरने पुन्हा प्रिंट काढला. गळा मोकळाच.

माझं डोकं फिरलं. "हे त्या अधिकाऱ्याच्या पथ्यावरच पडणार."

"नका चिडू भावोजी," वहिनी म्हणाली. "पट्टा निघाला म्हणजे साहेब घरी आले." तिच्या हातात खरोखरच पट्टा होता. ओला, बकलात माती अडकलेला.

वहिनीचं समाधान झालं. माझं होणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तो पट्टा अधिकाऱ्याच्या टेबलावर आपटला.

तो पांढराफटक पडला. "हा तुम्हाला कुठे... हा तर आम्ही त्याच्याबरोबर..."

"त्याच्याबरोबर काय?" मी विचारलं.

ते वाक्य त्याने आजतागायत पूर्ण केलेलं नाही.